भोंगा वाजवायचा नाही

"भोंगा का नाही वाजवला?" पहिला आलेला माणूस होडीतूनच ओरडला. तो शेजारच्या गावातल्या क्लबचा पाहुणा होता. त्याने शर्यत जिंकली होती, आणि त्याबद्दल भोंगाबाईंनी जेट्टीवरून त्याला एक टॉवेल हलवून दाखवला होता.

"हळू बोला. आत काकू झोपल्यात."

"कोण काकू?"

"पहिले आलात ना? झालं तर मग. चहा आत आहे, आपला आपण ओतून घ्या. कपबशी वाजवू नका."

भोंगाबाई शाळेत पीटीच्या बाई होत्या. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शिट्टी परत मागितली, तेव्हापासून त्या आमच्या क्लबात शर्यतीचा भोंगा वाजवतात. त्यांच्यासारख्या बाईने टॉवेल हलवायचा म्हणजे वाघाने शेपटीने माश्या हाकलण्यासारखं होतं. पण त्या हलवायच्या. सीझनभर सगळ्या होड्यांना टॉवेल, आणि सगळ्यात शेवटच्या होडीला भोंगा. भिंतीवरच्या पाटीवर तसा नियमच होता: शेवटच्या होडीचा भोंगा वाजल्याशिवाय शर्यत संपली असे समजू नये. पाटी सेक्रेटरींनी स्वतः रंगवलेली. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यातही पाट्याच पाट्या आहेत, पण तिथे लोकांना वाचायला वेळ असतो.

शेवटची होडी कुठली, हे ठरलेलंच होतं. काकांची.

तेवढ्यात ती तांबडी होडी लांबच्या बोयापाशी, म्हणजे वळणाची खूण म्हणून टाकलेल्या तरंगत्या पिंपापाशी, थांबली. थांबली म्हणजे अडकली नव्हती. काकांनी शीड सैल सोडून ती थांबवली, मान वळवून मागे पाहिलं, उतरणारे उतरले आणि चढणारे चढले याची खात्री केली, मग दोरी ओढून होडी पुढे काढली.

माझे काका आयुष्यभर बस चालवत होते. त्यांच्या बसचा शेवटचा स्टॉप म्हणजे आमच्या क्लबचं फाटक. परतीच्या फेरीला वेळ असला की ते फाटकाला टेकून होड्या बघत उभे राहायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, बघताय काय, बसा. ते बसले. पुढे त्यांनी एक मोडकी होडी घेतली आणि डेपोतल्या उरलेल्या रंगाने रंगवली. तिला आम्ही 'गाडी' म्हणायचो. तेव्हा ती चेष्टा होती.

गेल्या दोन सीझनमध्ये काकांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरत गेली. आधी माझं नाव उतरलं, मग माझ्या वडिलांचं, मग निवृत्ती. बस तेवढी उतरली नाही. ते पहाटे उठून ड्युटीवर जायला निघायचे. कुलूप लावलं तर खिडकीतून. काकू रात्री शिडाच्या दोरीचं एक टोक त्यांच्या मनगटाला बांधायच्या आणि दुसरं स्वतःच्या. गाठ मीच शिकवली होती, ओढली तरी न आवळणारी. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. रात्री खालून काकूंचा आवाज यायचा, "अहो, आज सुट्टी आहे. अहो, आज संप आहे." त्या दिवसांत डेपोचे जेवढे संप झाले, तेवढे कुठल्याच युनियनने केले नसतील.

पण पाण्यावर काकांचे हात ठीक होते. होडीत बसले की ते नीट जायचे, नीट यायचे, फक्त स्टॉप घ्यायचे. आणि ते पाण्यावर असायचे तेवढा वेळ काकू शिडांच्या खोलीत जुन्या शिडांच्या ढिगाऱ्यावर झोपायच्या. आठवड्याची त्यांची तेवढीच झोप. हे कळल्यापासून भोंगाबाईंनी बोये लांब टाकायला लावले. टाकायचो मीच. मी क्लबातला स्वयंसेवक, म्हणजे ज्याला पगार मिळत नाही, फक्त बोलणी मिळतात तो. बचावाची मोटरबोट माझ्याकडे. "अजून लांब," भोंगाबाई ओरडायच्या, "बाईला झोप लागायलाच अर्धा तास जातो!" सीझन संपत आला तेव्हा आमची शर्यत एवढी लांब झाली होती की आमच्या क्लबातले सुतारमामा होडीत डबा घेऊन यायला लागले.

भोंगा वाजला की काकू उठायच्या, केस सारखे करायच्या आणि कुणीच झोपलं नव्हतं अशा चेहऱ्याने सगळ्यांना चहा द्यायच्या.

पाहुणा टॉवेलवर नाराज होऊन गेला, त्याच्या पुढच्याच रविवारी काका बुडता बुडता वाचले.

वारा जरा जास्त होता. मधल्या बोयापाशी काकांनी होडी थांबवली, आणि मागचं चाक बघायला ते उठून मागे गेले. होडी कलंडली. मी पोचलो तेव्हा ते लाइफ जॅकेटमध्ये तरंगत होते, होडीपासून लांब लांब चालले होते. डेपोला अपघात कळवायचा होता त्यांना.

"काका, हात द्या!"

"आधी पॅसेंजर काढ."

"काका, कुणी नाहीये!"

"अरे गाढवा, गाडी भरलेली होती. आधी बायका काढ."

पाणी बर्फासारखं होतं. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते, आणि मी ओढायला गेलो की ते हात झटकत होते. बावट्यासारखी थरथरत होती त्यांची हनुवटी, पण ऐकत नव्हते. मग मी पाण्यात वाकलो आणि एका बाईंना बोटीत घेतलं. मग आणखी एका बाईंना. एका जाड माणसाला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. काका लक्ष देऊन बघत होते. "ती छत्रीवाली म्हातारी राहिली," ते म्हणाले. मी म्हातारीला घेतलं. "छत्री?" छत्रीही घेतली. मग त्यांनी हात पुढे केला. तो हात मी धरला तेव्हा मला आजवर सुचलेले सगळे विनोद एकदम आठवले, आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

जेट्टीवर सगळं दबक्या पावलांनी झालं. त्यांना पुसलं, कोरडं केलं, घोंगडीत गुंडाळलं. डॉक्टरांच्या गाडीत एक जादा पँट होती, ती चढवली. काका ऊन खात बसल्यासारखे शांत झाले तेव्हा कुठे भोंगाबाईंनी भोंगा वाजवला.

काकू बाहेर आल्या, केस सारखे करत. चहाच्या किटलीपर्यंत गेल्या आणि वळल्या.

"ही पँट कुणाची?"

"माझी," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, जरा शिंतोडे उडाले होते."

काकूंनी काकांच्या केसांना हात लावला. ओले होते. त्या बाकावर बसल्या.

"मला उठवायचं होतं."

"उठवून काय केलं असतंत?" भोंगाबाईंनी विचारलं.

"काही नाही. पण जागी असते."

त्या संध्याकाळी सभा झाली. डॉक्टर उभे राहिले. "मी जन्मभर दात काढले," ते म्हणाले. "पाण्यातून माणूस काढायची हिंमत नाही माझ्यात. एकटं सोडायचं नाही त्यांना. सोबत कुणीतरी हवं, नाहीतर होडी पाण्याबाहेर." कुणी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं ते बोललेच नव्हते.

पुढच्या रविवारी सोबतीला मी बसलो, बचावबोट डॉक्टरांकडे दिली. पहिल्या बोयापर्यंत ठीक होतं.

"तिकीट?"

"काका, मी..."

"कंडक्टर आलेला नाही, म्हणून फुकट जायचं का? उतरा."

"इथे? काका, पाणी आहे."

"रोज उतरतात लोक. चला, मागे लाइन लागलीय."

शर्यत थांबवायची नाही, काकूंची झोप मोडायची नाही, म्हणून मी उतरलो. डॉक्टर येईपर्यंत मी बोयाला मिठी मारून होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीने विचारलं, कसं काय, बरंय ना. नंतर सुतारमामांना बसवलं. ते काकांना धीर द्यायला बोलायला लागले, तर काकांनी होडी उभी केली. चालत्या गाडीत चालकाशी बोलायचं नाही. मामा गप्प बसेपर्यंत गाडी हलली नाही. आणि सुतारमामा गप्प बसणं म्हणजे... शेवटी त्यांनाही काढून आणलं.

मग सीझनची शेवटची शर्यत उरली. त्यानंतर होड्या उलट्या करून ठेवायच्या, त्या थेट पुढच्या सीझनलाच सरळ व्हायच्या. काकांच्या पुढच्या सीझनबद्दल कुणी बोलत नव्हतं. काकू किटली घासता घासता एकदाच म्हणाल्या, "होड्या वर गेल्या की मी कुठे झोपू रे?" मी म्हणालो, "डॉक्टरांच्या खुर्चीत. मागे होते ती." त्या हसल्या. मला ते बघवलं नाही.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी काकूंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "मी बसते."

"आणि तुमची झोप?" भोंगाबाई म्हणाल्या.

"एक रविवार नाही झोपले तर मरत नाही मी."

काकूंना होडीत बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी हात धरून त्यांना चढवलं. काकांनी पुढच्या फळीकडे बोट दाखवलं.

"ताई, पुढे या. जागा आहे."

नवऱ्याने ताई म्हटल्यावर काय करतात, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. काकू पुढे जाऊन बसल्या.

"तिकीट?"

काकूंनी खिशातून क्लबच्या चहाचं कुपन काढून दिलं. काकांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि कोपरा फाडून परत दिलं.

"कुठे उतरणार?"

"शेवटी."

"शेवटी एक तळं आहे. तिथे होड्या असतात. मी तिथे जरा वेळ थांबतो नेहमी. बघण्यासारखं आहे."

"हो का?" काकू म्हणाल्या. "मी कधी पाहिलं नाही."

मी मोटरबोट घेऊन मागे राहिलो. काकू दोन्ही हातांनी होडीची कड धरून ताठ बसल्या होत्या. पहिल्या बोयापाशी काकांनी स्टॉप घेतला, मागे पाहिलं, निघाले. बाकीच्या होड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. दुसऱ्या बोयाच्या अलीकडे काकूंचा एक हात कडेवरून निसटला. मग मान कलली. मोटरचा वेग वाढवला. मी जवळ गेलो, तर त्या घोरत होत्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोटर लांब ठेव," ते हळूच म्हणाले. "लांबचा पॅसेंजर आहे."

दुसऱ्या बोयाला त्यांनी स्टॉप घेतला नाही. वळताना शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूने दुसऱ्या बाजूला धाडकन जातो, तो त्यांनी हातात धरून डोक्यावरून अलगद पलीकडे नेला. वळण एवढं मोठं घेतलं की त्यात खरोखरची बस मावली असती. पाण्याचा एक थेंब काकूंवर उडाला नाही.

जेट्टीवर सगळे उभे होते. बाकीच्यांना टॉवेल दाखवून झाले होते, ऊन उतरलं होतं. भोंगाबाई भोंग्यावर अंगठा ठेवून तयार. तांबडी होडी शेवटच्या रेघेशी आली तेव्हा काकांनी उजवा हात बाहेर काढला आणि पंजा खाली करून सावकाश वरखाली केला. बसचे ड्रायव्हर मागच्या गाडीला दाखवतात तसा. हळू.

"बाई, वाजवा," डॉक्टर म्हणाले. "आले ते. झाली शर्यत."

"वाजल्याशिवाय होत नाही," भोंगाबाई म्हणाल्या. "पाटी तुमचीच आहे." आणि त्यांनी भोंगा टॉवेलात गुंडाळून बाकाखाली ठेवला.

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्या पायाखालची फळी करकरली. ते थांबले. मग खाली वाकून त्यांनी बूट काढले, आणि मोजे घातलेल्या पायांनी जेट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

तांबडी होडी रेघ ओलांडून जेट्टीच्या अगदी जवळून गेली आणि पुन्हा पहिल्या बोयाकडे वळली. काकूंच्या हातात फाटक्या कोपऱ्याचं कुपन तसंच होतं. मी मोटर बंद केली आणि वल्ही काढली.