छबूबाईचा सव्वा महिना

“काकू, अजून एकदा मारा स्टार्टर,” यशोधरा म्हणाली.

ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्या छबूबाईनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं. सिलिंडरचा दाब मोजणाऱ्या गेजचा काटा तीनशेपर्यंत आला आणि थांबला. पहिल्या दोन सिलिंडरांनीही तोच आकडा दाखवला होता. हवा होता चारशेच्या घरात.

“नवे पिस्टन घातले ना गं? मंग दाब कुठं गेला?” छबूबाईचा नवरा सहादेव म्हणाला. “नगरच्या मिस्त्रीला बोलावलंय मी. उद्या येऊन इंजिन खोलतो म्हनला.”

यशोधरानं कर्जतला गॅरेज टाकलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. अख्खं इंजिन एकटीनं बांधलं ते हे पहिलंच. ते दुसऱ्यानं येऊन खोललं की विषयच संपला, पुन्हा कोण कशाला तिच्या हातात इंजिन देतंय? बसवताना पिस्टनची एखादी रिंग तुटली तर नाही ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं स्वतःलाच झापलं. रिंग तुटली असती तर एकच सिलिंडर मागं पडला असता. इथं तिन्ही सारखेच खाली होते.

“काका, नवे पिस्टन टाकल्यापासनं नांगरलं किती?”

सहादेव बायकोकडं बघायला लागला.

“नांगरतोय कशाला?” छबूबाई म्हणाली. “पोटातलं समदं नवं घातलंय. बाळंतिनीला कुनी रानात धाडतं व्हय? सव्वा महिना जड काम न्हाई, मीच सांगितलं. रोज उदबत्ती लावायची, जरा चालू ठेवायचा, बंद करायचा.”

आता काय बोलायचं या बाईला! हसावं की कपाळ बडवून घ्यावं, यशोधराला कळेना.

“काकू, नवी रिंग घासून घासून लायनरला, म्हंजी सिलिंडरच्या भिंतीला, फिट बसती, तवा दाब धरती. त्याला वझं लागतं. नुसतं फुरफुरत ठेवून काय व्हनार? नांगर जोडा.”

“आनि इंजिन जाम झालं म्हंजी?” सहादेव म्हणाला.

“तर माझ्या गॅरेजला कुलूप. पन नांगरल्याबिगर खोलू देनार न्हाई.”

“आमच्या रानात तू बाईमानूस नांगर धरनार?”

“मग तुमी धरा.”

सहादेव चरफडला, पण जागचा हलला नाही. यशोधरानं गेज लावायला काढलेली डिझेलची नोझलं परत बसवली, नांगर जोडला आणि माळाच्या दगडाळ पट्टीत ट्रॅक्टर घातला. पहिल्याच तासाला काळा धूर निघाला. तरी तिनं मागं वळून बघितलं नाही.

दुपारी उतरून तिनं पुन्हा गेज लावलं. तिन्ही ठिकाणी काटा साडेतीनशेच्या पुढं गेला.

“चढला की गं,” छबूबाई म्हणाली.

सहादेवनं गेज स्वतःच्या हातात घेऊन बघितलं. “बास मंग. चल, च्या घी.”

“अजून चढल. ऱ्हायलेली पट्टी वढते, मग च्या.”

ती पुन्हा सीटवर चढली. सहादेवनं बांधावर उभं राहूनच नगरला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. मग चपला काढून तो रानात उतरला आणि तिच्या नांगराच्या वाटेतले दगड उचलून बांधाला टाकू लागला.