आठ वाजून तेहतीस मिनिटं

पर्लीन प्रुइटच्या फ्रिजवर दोन कागद चिकटवलेले होते. एक चर्चचं साप्ताहिक पत्रक. शनिवारचा सूर्यास्त आठ वाजून तेहतीस मिनिटांनी, म्हणजे तेव्हा शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पाळायचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, संपणार, एवढं त्यात ठळक छापलेलं. त्याच्या शेजारी तिच्या मुलाच्या शेवटच्या सामन्याचा पास. लव्हेलनं तो महिन्यापूर्वीच आणून लावला होता, कारण शब्बाथच्या दिवशी आई तिकीट विकत घेणार नाही हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

लव्हेल छत्तीस वर्षांचा. गेली अकरा वर्षं तो चार भिंतींतला अमेरिकन फुटबॉल खेळत होता. बर्फाच्या रिंकवर हिरवा गालिचा अंथरायचा, कडेच्या फळ्यांना गाद्या बांधायच्या आणि पन्नास यार्डांत माणसं एकमेकांवर आदळायची, असा तो खेळ. लव्हेल वाइड रिसीव्हर, लांबून आलेला चेंडू झेलणारा. टल्सा, ऑगस्टा, स्पोकेन, जिथं संघ निघाला तिथं तो गेला, आणि संघ बुडाला की सामान बांधून पुढच्या गावी. सकाळी कुठं टायर बदलायचे, कुठं शाळेची बस चालवायची, संध्याकाळी सराव. गेल्या वर्षी अखेर आपल्याच गावच्या, वॉटर्लूच्या संघानं त्याला घेतलं, तर नेमकी आई मेम्फिसला आजारी बहिणीपाशी. यंदा ती घरी होती, पण घरचे सगळे सामने शुक्रवारी रात्री, म्हणजे शब्बाथ लागल्यावर. एकच सामना शनिवारी होता, आणि तोच शेवटचा.

अकरा वर्षांत आईनं त्याला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. पण एकही रविवार असा गेला नव्हता की तिनं विचारलं नाही. तो कुठल्याही गावी असो, सकाळी फोन यायचा.

"किती?"

"सात."

"सुटले किती?"

"एक."

"बरं. जेवलास का?"

एवढंच संभाषण. सुटलेले चेंडू विचारणारी जगात ती एकटीच होती, आणि लव्हेल तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

सामना सातचा. चौथं सत्र नऊच्या पुढं सुरू होणार, तोवर आई आरामात येऊन बसेल, असा त्याचा हिशेब. गुरुवारी कोच व्होबोरिलनं तो मोडला. रविवारी त्याच हॉलमध्ये ट्रॅक्टरांचं प्रदर्शन होतं, गालिचा रातोरात गुंडाळायचा होता. सामना सहाला.

शुक्रवारी दुपारी तो आईकडे गेला. ती उद्याचा स्वयंपाक आजच उरकत होती, कारण उद्या चूल पेटणार नव्हती. एका पातेल्यात राजमा, ओव्हनमध्ये मक्याचा पाव, टेबलावर पीच सोलून ठेवलेले.

"आई, सामना तासभर अलीकडं आलाय."

तिचा चमचा थांबला. "म्हणजे संपणार कधी?"

"साडेआठच्या आसपास."

ती पीचवर साखर पेरत राहिली. लव्हेल दाराच्या चौकटीला टेकला.

"आई, एकदाच जर…"

"बोल की."

त्यानं आईकडं पाहिलं. सतराव्या वर्षी त्यानं स्वतः शनिवार पाळणं सोडलं, तेव्हा ती रागावली नव्हती. तुझं तू बघ, माझं मी बघते, एवढंच म्हणाली होती. त्यानंतर इतक्या वर्षांत तिनं एकदाही चर्चचा विषय काढून त्याला टोचलं नव्हतं.

"नाही. काही नाही," तो म्हणाला.

"शहाणा आहेस," ती म्हणाली. "ती पीचची साल उचल बघू जमिनीवरची. पाय घसरेल कुणाचा."

शनिवारी हॉल भरला होता. लव्हेलच्या गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधताना डर्क, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणाला, "आजोबा, आज सांभाळून हां. निरोपाची फुलं आणलीत, ती थडग्यावर नको वाहायला."

"तू नीट टाक म्हणजे झालं," लव्हेल म्हणाला. "गेल्या आठवड्यात टाकलास तो चेंडू अजून छताला चिकटलाय."

खेळ रंगला. लव्हेलनं सहा चेंडू झेलले. एक तर मैदानाच्या टोकाला ताणलेल्या जाळीला लागून उलटा आलेला, पाठमोरा घेतला. पण प्रत्येक वेळी उठताना त्याची नजर मैदानाच्या घड्याळाऐवजी भिंतीवरच्या साध्या घड्याळाकडं जाई. सात पन्नास. आठ दहा. या खेळात घड्याळ सहसा थांबत नाही, ते सरळ धावत सुटतं. फक्त शेवटच्या मिनिटात चेंडू खाली पडला, माणूस भिंतीवर आदळला की ते थांबतं, आणि मग त्या एका मिनिटाला वीस-वीस मिनिटं लागतात.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आठ अठरा झाले होते.

मग पाहुण्यांनी गुण मिळवले. आपल्यांनी तेवढेच परत मिळवले. कुणाचा तरी खांदा दुखावला, डॉक्टर आत आले. पंचांची आपापसात चर्चा. लोक ओरडत होते, "अरे खेळा की!" लव्हेलच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात आणखी उशीर मागतोय. दुखावलेल्या गड्याकडं पाहून त्याला स्वतःची लाज वाटली. तो जाऊन त्या गड्याच्या पाठीवर थाप मारून आला. पाहुण्यांनी पुन्हा आघाडी घेतली.

सात सेकंद उरले. चार गुणांनी मागे, समोर बारा यार्ड, आणि त्यांच्या पलीकडं चेंडू झेलला तर सहा गुण. शेवटचा डाव. आठ सत्तेचाळीस.

डाव ठरवायला सगळे घोळक्यात वाकले तेव्हा लव्हेलला जिन्याच्या पायऱ्यांवर एक टोपी दिसली. क्रीम रंगाची, तपकिरी पीस खोवलेली. वॉटर्लूत तशी टोपी एकच होती. आई खाली बसलीही नव्हती. पर्स पोटाशी धरून उभी होती.

डर्कनं त्याची नजर पकडली. "ती टोपीवाली? तुझी आई?"

"हो."

"मग ठरलं. तुझ्याकडेच टाकतो, आजोबा. कोच गेला खड्ड्यात."

लव्हेलनं अकरा वर्षं याच एका चेंडूची वाट पाहिली होती. पण त्यानं समोर पाहिलं. पाहुण्यांचे दोन गडी आधीच त्याच्या बाजूला सरकून उभे होते. त्यांनाही ठाऊक होतं, म्हाताऱ्याचा शेवटचा सामना, चेंडू त्याच्याकडेच जाणार. पलीकडे मातेओ मोकळा होता. मातेओ मांसाच्या कारखान्यात काम करून खेळायला यायचा, आणि आज त्याच्या हातून दोन चेंडू सुटले होते, म्हणून कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

"माझ्याकडं बघ," लव्हेल म्हणाला. "अगदी शेवटपर्यंत माझ्याकडं बघ. आणि टाक मातेओकडे."

"मी दोन सोडलेत," मातेओ पुटपुटला.

"मी सोडलेत ते माझ्या आईला विचार, तिला सगळे पाठ आहेत. चल."

या खेळात रिसीव्हरला आधीपासून धावत येता येतं. लव्हेल मागून वेग घेत आला, कोपऱ्याकडं वळला, आणि चेंडू आपल्याचकडं येतोय असे दोन्ही हात वर केले. दोघे गडी त्याच्यावर धावले. तिघं मिळून गादीवर आदळले आणि लव्हेल फळीवरून पलीकडे, पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी मक्याच्या लाह्यांत डोक्यावर पडला.

मग हॉल असा गरजला की त्याला विचारावंच लागलं नाही.

सामना संपल्यावर नेहमीप्रमाणे लोक गालिच्यावर उतरले. मुलं सह्या घेत होती, मातेओला कुणी खाली उतरवत नव्हतं. पर्लीन गर्दीतून हळूहळू आली. आधी तिनं फळीवरची गादी हातानं दाबून पाहिली.

"माझ्या सोफ्यापेक्षा ही बरी," ती म्हणाली.

"आई, तू आलीस कधी?"

"आले तेव्हा सूर्य होता. चालत आले, नदीकाठानं. बाहेर कठड्याशी उभी राहिले. आतून ओरडा ऐकू येत होता. सूर्य पार बुडाला, मग आत शिरले." तिनं त्याच्या केसांतली लाही काढली. "मला तुझे बूट दिसले. वर."

लव्हेल हसायला लागला. बरगडी दुखली तरी त्याला थांबता येईना.

"हसतोस काय? किती?"

आज शनिवारीच विचारत होती, समोर उभी राहून.

"सहा."

"सुटले?"

"एकही नाही."

"आणि तो शेवटचा? त्या पोराला मिळाला तो?"

"तो माझ्यात धरत नाहीत, आई."

"कोण धरत नाही?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं, जणू उत्तर देणारा कुणी तिथं उभा असेल. गालिचा गुंडाळणारी माणसं दारात येऊन थांबली होती. त्यांना ट्रॅक्टरांसाठी जागा हवी होती.

"सात," पर्लीन म्हणाली. "मी पाहिलाय. चल, राजमा आहे, पीचचं गोड आहे. आता गरम करता येईल. आणि त्या पोरालाही घे. हडकुळा आहे."

लव्हेलनं हेल्मेट काखेत घेतलं आणि मातेओला हाक मारली.