अकरा तासांच्या नोंदी

“पाऊस तं पडलाच नाई, बाबा. मंग रोज झाकण काऊन काढता?”

“नाई पडला, हे पाह्यल्याबिगर कसं लिहू?” डोमाजीने पर्जन्यमापकात डोकावलं. “घे, शून्य लिह्य. तुयं अक्षर चांगलं आहे.”

शाळेच्या ओट्यावर बसून दामिनीने नोंदवहीत शून्य लिहिलं. जानेवारीतली सकाळ, साडेआठ. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावात डोमाजी कोतवाल सव्वीस वर्षं रोज हेच करत होता. मुलगी गोव्यात समुद्रविज्ञानात पीएचडी करत होती. प्रबंध पुढच्या सोमवारी द्यायचा होता. बाप पाऊस मोजते अन् पोरगी समुद्र, दोघं एकाच खात्यात, असं तो भेटेल त्याला सांगायचा. शनिवारी ग्रामपंचायतीत तिचा सत्कार होता.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात जहाजावरच्या नोंदी होत्या. दर तासाला बादलीने पाणी वर ओढायचं, तापमापक बुडवायचा, आकडा लिहायचा. एके दिवशी समुद्र खवळला आणि दामिनी उलट्या करत केबिनमध्ये पडून राहिली. अकरा तास. उठल्यावर आधीचा आणि नंतरचा आकडा पाहून तिने मधले अकरा बसवले. मार्गदर्शक सरांनी नेमकं त्याच पानाचं कौतुक केलं होतं. एकही रकाना रिकामा नाही, म्हणाले होते.

वही मिटताना ऑगस्टचं पान उघडलं. दोन तारखांपुढे आकडा नव्हता. ‘ताप होता. मोजले नाही.’

ते दोन्ही दिवस पाऊस कोसळला होता, डोमाजीने सांगितलं. गावातले म्हणत होते, सत्तर मिलिमीटर लिह्य. पिकांची सरकारी भरपाई त्या आकड्यावर ठरणार होती. त्याने लिहिला नाही. तेव्हापासून तो टपरीवर दिसला की कोणीतरी म्हणायचंच, पाऊसबी डोमाजीले इचारूनच पडते.

“तुमच्याकडं असं होत नसन,” तो म्हणाला. “मोठमोठ्या मशिनी असतीन.”

दामिनीने वही मिटली.

“होते, बाबा. मी झोपून होती, अन् आकडे लिहिले. अकरा.”

डोमाजीने खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा टाकला.

“सरांले माहीत आहे?”

“नाई.”

त्याने तिच्या मांडीवरची वही उचलली आणि तो घराकडे निघाला.

दुपारी तिने सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रकरण काढावं लागेल, सोमवार विसर. संध्याकाळी डोमाजी सरपंचाकडे जाऊन आला. सत्कार होणार नाही, एवढंच त्याने घरात सांगितलं. आईने कारण विचारलं, तेव्हा तो हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला दामिनी त्याच्या मागे मागे गेली. डोमाजीने झाकण काढलं. वही आणि पेन तिच्या हातात दिलं. आज आकडा मात्र सांगितला नाही. बाजूला सरकून उभा राहिला.

दामिनी वाकली. भांड्याचा कोरडा तळ तिने नीट पाहिला. मग शून्य लिहिलं.