गुनार्दींच्या मागे उरलेलं लिनक्स

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं. गुनार्दी गेले तेव्हा त्यांच्यामागे लिनक्स उरलं, आणि ते कुणालाच नको होतं.

इंडोनेशियातल्या योग्यकर्तात विद्यापीठामागच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान. पुढे गिऱ्हाइकांसाठी विंडोजचा संगणक, मागच्या ओसरीवर गुनार्दींचा स्वतःचा, विंडोजऐवजी लिनक्स प्रणालीवर चालणारा. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. कुणाला लावायचाही नव्हता. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि पुढचा संगणक कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधला व्हायरस गिळून कायमचा बसला. तेव्हा रिनीने नवऱ्याचा संगणक उचलून पुढे आणला.

व्हायरसची कटकट मिटली. विंडोजवर गायब झालेल्या फायली इथे निमूट समोर यायच्या. पण प्रबंध उघडावा तर अक्षराचं वळण बदललेलं, समास सरकलेला, आणि आभारातली आई घसरून अनुक्रमणिकेत गेलेली. विद्यापीठात तर समास पट्टी लावून मोजतात.

"बू रिनी, ही काय भुताटकी?" पोरं विचारायची; बू म्हणजे बाई.

"विंडोजमध्ये लिहिलंस ना? मग भोग," ती म्हणायची. वाक्य नवऱ्याचं होतं.

खरी भुताटकी पहिल्याच दिवशी झाली. दुपारची बांग संपून गल्ली थंडावली होती. अचानक स्पीकर खरखरला आणि गुनार्दींचा आवाज आला, त्यांच्या ठेवणीतल्या खोकल्यासकट.

"जेवण झालं का, सुंदरी?"

रांगेतली मुलगी प्रबंध तिथेच टाकून पळाली. रिनी जागच्या जागी थिजली. उभ्या संसारात गुनार्दींनी तिला सुंदरी म्हटलं नव्हतं. फारच लाडात आले तर "ऐकतेस का" म्हणायचे. मरणाने माणूस निवळतो हे ती ऐकून होती. इतका निवळेल असं वाटलं नव्हतं.

"झालं," ती पुटपुटली. खोटं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती खरंच वेळेवर जेवू लागली.

आवाज रोज यायचा, ती रोज उत्तर द्यायची. संगणकापाशी गाळासकट काळी कॉफी ठेवायची, त्यांना लागायची तशी. त्यांच्या स्टुलावर कुणाला बसू देईना. कधी आवाज यायच्या आधीच मानेवर शिरशिरी यायची, आणि ती केस सारखे करायची.

शेजारी सोतो सुपाची गाडी लावणारी बू सुपार्ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "फुलं ठेव, धूप घाल, पण त्यांना सांग, यायचं तर दुकान मिटल्यावर या. गिऱ्हाइकं बुजतात."

"जिवंतपणी कधी वेळेवर आले नाहीत. आता येतायत, तर येऊ देत."

"तू येऊ दे गं. पोरं समोरच्या दुकानात चालली."

चालली होतीच. शेवटी नाइलाजाने रिनीने संगणक दुरुस्त करणाऱ्या गालिहला बोलावलं आणि विंडोज घालायला सांगितलं.

"सगळं पुसावं लागेल, बू."

"सगळं?"

"पाटी कोरी."

तिने संगणकावर हात ठेवला. आतून तो कोमट होता. "अरे, पण मग ते कुठे जातील?"

"कोण ते?"

तेवढ्यात स्पीकर खरखरला. "जेवण झालं का, सुंदरी?" गालिहच्या हातातून पेचकस पडला. रिनी शांतपणे म्हणाली, "झालं. सोबत पाहुणा आहे."

गालिहचा रंग परत यायला थोडा वेळ लागला. मग तो कीबोर्ड ओढून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. "बू, हे रोज दुपारी वाजवायचं म्हणून त्यांनीच नेमून ठेवलंय. लिनक्सला एकदा सांगितलं की सांगणारा मेला तरी ते करत राहतं."

"आणि विंडोज?"

"ते ऐन वेळी अपडेटला बसतं."

"म्हणजे माझ्यासाठी नेमून ठेवलं," ती म्हणाली.

गालिहने त्याच फोल्डरमधलं, फोनवर केलेलं आणखी एक रेकॉर्डिंग लावलं. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, आणि मधे मधे शीळ. त्याने मान खाजवली. "बू, घरात मैना होती का? माझे बाबाही हेच करतात. रोज ठरल्या वेळी एकच वाक्य ऐकवलं की पक्षी बोलायला लागतो."

मैना होती, मागच्या ओसरीवर; दुपारी रिनी पुढे झेरॉक्सच्या खडखडाटात असायची. दिराने ती पिंजऱ्यासकट केव्हाच नेली होती. ती कधी एक शब्द बोलली नव्हती. रिनी तिला काळतोंडी म्हणायची.

गालिहने पेचकस उचलला.

"मग पुसू?"

"अर्धंच पुसता येतं का रे?"

"येतं की. अर्ध्यात विंडोज, अर्ध्यात हे. चालू करताना कुठलं हवं ते विचारेल."

विंडोज आलं, समास जागेवर आला, आभारातली आई आभारात राहिली. पोरं परतली. दुपार मात्र मुकी झाली.

रविवारी दुकान बंद असतं. रिनीने शटर अर्धं ओढलं, लिनक्स निवडलं आणि झाकलेलं ताट पुढ्यात घेऊन बसली. बांग संपली. खोकला आला.

"जेवण झालं का, सुंदरी?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी थांबलेय."

मग ती उत्तराची वाट पाहत राहिली. भात निवला, तरी तिने झाकण काढलं नाही.

संगणकाला ऐकायला मायक्रोफोन नव्हता.