एकाच क्रमांकाची दोन यंत्रं

आमच्या कोर्बा गावातल्या हरीसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या, कारखान्यात सप्टेंबर महिन्यात कोणी रडताना दिसलं तर कारण विचारत नाहीत. मिरचीच्या गाड्या यायला लागलेल्या असतात. मी मात्र ऑफिसच्या इमारतीत, काचेच्या दाराआड बसतो. कंप्युटर, प्रिंटर आणि त्यांच्या तारा एवढं माझं खातं.

त्या उन्हाळ्यात अंगणापलीकडच्या दळणाच्या शेडची तार ऑफिसच्या जाळ्याला जोडली आणि पत्त्यांचा गोंधळ सुरू झाला. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो वाटायचं काम डीएचसीपी सर्व्हरचं. जो आधी येईल त्याला तो मोकळी जागा देतो. वीज जाऊन आली की सगळे पुन्हा रांगेत, आणि काल एकाचा असलेला पत्ता आज दुसऱ्याचा. एकदा सी तौफीकांचं रजेच्या नियमांचं पत्रक बरण्यांची लेबलं छापणाऱ्या प्रिंटरमधून बाहेर आलं. दोन खोके हरीसा त्या नियमांसकट राजधानीला गेला. कोणाची तक्रार आली नाही.

सी तौफीक, म्हणजे श्रीयुत तौफीक, आमचे कामगार खात्याचे साहेब. त्यांनी मला बोलावलं.

"शाकेर, माझ्या खुर्चीवर दुसरा कोणी बसलेला मला चालत नाही. मशिनांना का चालावं? ज्याची त्याची जागा कायमची ठरवून टाक."

याला पत्ता राखून ठेवणं म्हणतात. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर बारा अक्षरांचा क्रमांक असतो, बनवणाऱ्या कंपनीतूनच आलेला, जगात दुसऱ्या कोणाचा नसलेला. तो सर्व्हरमध्ये भरायचा आणि सांगायचं की हा क्रमांक आला की याला हाच पत्ता दे. मी वही घेऊन दिवसभर हिंडलो. प्रिंटर उलटे केले, वजनकाट्यांखाली डोकं घातलं. शेवटी शेडमध्ये जाऊन तिथल्या बोटं लावायच्या हजेरी-यंत्राचा क्रमांक शिंकत शिंकत उतरवला. एकूण अडतीस यंत्रं.

सदतीस भरली गेली. अडतिसाव्याला, म्हणजे शेडच्या हजेरी-यंत्राला, सर्व्हर म्हणाला, हा क्रमांक आधीच दिलेला आहे. वहीत पाहिलं, तर ऑफिसच्या दारातल्या हजेरी-यंत्राचाही तोच क्रमांक. बाराच्या बारा अक्षरं. मी चार वेळा भरून पाहिलं. मग वाटलं, शिंकांच्या नादात आपण वहीतलाच वरचा क्रमांक पुन्हा उतरवला असणार. शेडमध्ये परत जाऊन बघायला हवं होतं. अंगण ओलांडायला दोन मिनिटं लागतात. मी त्या ओळीवर काट मारली आणि जेवायला गेलो.

शेडमधलं ते यंत्र दोनच माणसं वापरत. बाकीच्या बायका कंपनीच्या बसने येत आणि ऑफिसच्या दारातच बोट लावत. लेल्ला हनियाचं, म्हणजे हनियाबाईचं, घर मात्र कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होतं. ती मागच्या फाटकातून येई, शेडचं कुलूप काढी आणि तिथेच बोट लावी. सव्वीस वर्षं ती मिरची दळत होती आणि त्यात तिचा एकही खाडा नव्हता. नवऱ्याला पुरलं तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी दुपारी कारखाना बंदच असतो. दुसरं माणूस म्हणजे शेडचा मुकादम फौझी.

तोवर शेडची हजेरी पेनड्राइव्हवरून ऑफिसात आणत; पत्ते ठरल्यावर ती तारेवरूनच मागवायला लागले. काट मारली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोघंही गैरहजर दिसायला लागली. फौझीची हजेरी सी तौफीकांनी हाताने भरली. मुकादम गैरहजर असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हनियाला गैरहजेरीचं इशारा-पत्र गेलं.

त्याआधी त्यांनी मला यंत्र बिघडलंय का असं विचारलं होतं, हे मी लपवणार नाही. मी जागेवरूनच तपासलं. हजेरी-यंत्राचा पत्ता टाकला, उत्तर आलं. कोणतं यंत्र उत्तर देतंय हे काही मी पाहिलं नाही. मी लेखी दिलं: "यंत्र चालू आहे. मिरचीच्या कामाने कामगाराच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या असाव्यात." खाली सही केली. ते वाक्य मला त्या वेळी चांगलं वाटलं होतं.

अकराव्या दिवशी लेल्ला हनिया पत्र घेऊन माझ्या दारात आली. आत आली नाही, चपलांना मिरची होती.

"रेषा झिजल्या असं तू लिहिलंस?"

"असं होतं, लेल्ला. वयाने, कामाने..."

"माझं बोट पाहिलंस का कधी?"

"नाही."

"मग उद्या सातला शेडमध्ये ये. यायचं बरं का. तुझी हजेरी कोणी हाताने भरणार नाही."

मी गेलो. सातला दहा कमी होती. तिने कुलूप काढलं, पदराला हात पुसले आणि यंत्रावर बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला आणि यंत्र बाईच्या आवाजात म्हणालं, "शुक्रन."

"ऐकलंस? रोज मला धन्यवाद देतं," हनिया म्हणाली. "आणि वर तुम्ही पत्र पाठवता की मी आलेच नाही. मग हे आभार कोणाचे मानतंय, माझ्या भुताचे?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बी-बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. पहिल्या दिवशी तिचं नाव हजेरीच्या यादीत नव्हतं हे कळल्यापासून ती रोज सकाळी अंगठा हरीसात बुडवून त्या तारखेवर उमटवत होती. अकरा लाल अंगठे. वाळून ते विटकरी झाले होते, पण रेषा अशा स्वच्छ की मोजाव्यात. बाराव्या तारखेवर तिने माझ्यासमोर अंगठा दाबला.

"झिजल्यात?" तिने विचारलं.

"नाही, लेल्ला."

मी यंत्र भिंतीवरून काढून उलटं केलं. क्रमांक एकेक अक्षर करून वहीशी ताडला. मी चुकीचा उतरवलाच नव्हता. मग ऑफिसच्या दारातलं यंत्र काढलं, दोन्ही खानावळीच्या टेबलावर पालथी ठेवली आणि क्रमांक शेजारी-शेजारी वाचले. बाजारातून स्वस्तात घेतलेली ती जोडी होती, आणि बनवणाऱ्या कंपनीने दोघांना एकच क्रमांक चिकटवला होता. जाळ्याला दोन यंत्रं आहेत हेच कळत नव्हतं. दारातलं यंत्र जास्त बोलायचं, म्हणून सगळी चौकशी त्याच्याकडेच जायची. शेडचं यंत्र बोटं घेत होतं, आभार मानत होतं आणि सगळं पोटात ठेवत होतं.

मी दारातलं तसंच बंद ठेवलं आणि शेडचं एकटं जोडलं. दोन मिनिटांत बारा सकाळी धडाधड पडद्यावर आल्या. हनिया, सहा पन्नास. हनिया, सहा एकावन्न. एकदा सहा चौपन्न होती. फौझीही आला. तो आठ वीसच्या आधी एकदाही नव्हता, आणि तीन दिवस तर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सी तौफीकांनी दोन्ही यंत्रं टेबलावर मागवली, चष्मा लावला आणि क्रमांक वाचले.

"दोन माणसांचं नाव एक असतं. तेव्हा आपण बापाचं नाव विचारतो."

"यांना बाप नाही, सी तौफीक."

त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला. विकणारा म्हणाला, प्रत्येक क्रमांक जगात एकमेव असतो, हे अशक्य आहे.

"माझ्यासमोर दोन एकमेव आहेत," सी तौफीक म्हणाले. "यातला तुमचा कोणता, तेवढं सांगा."

एक यंत्र बदलून मिळायचं ठरलं. मग मी म्हणालो, "साहेब, सर्व्हरने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ओळ कापली. आणि ते रेषांचं मी न बघता लिहिलं."

"हे कोणाला लेखी देऊ नकोस," ते म्हणाले.

"कालच दिलंय. मोठ्या साहेबांना. फौझीच्या वेळांसकट."

तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. हाताने भरलेल्या हजेरीवर त्यांचीच सही होती.

इशारा-पत्र मागे घ्यायचा नमुना कारखान्यात नव्हता. म्हणून हनियाला दुसरं पत्र मिळालं: "ज्या अकरा दिवशी आपण गैरहजर होता, त्या अकरा दिवशी आपण हजर होता, याची नोंद घेण्यात येत आहे." फौझीला पॅकिंगला पाठवलं. सी तौफीकांना काहीच झालं नाही, फक्त ते मला तीन आठवडे नमस्कार करत नव्हते.

नवं यंत्र आलं तेव्हा ते घेऊन मी स्वतः शेडमध्ये गेलो. भिंतीला लावलं, त्याचा वेगळा क्रमांक दोनदा वाचून घेतला. मग हनियासमोर उभा राहिलो आणि घरून पाठ करून आणलेली माफी म्हणायला लागलो. मधेच शिंका आल्या आणि पुढचं विसरलो.

"पुरे," ती म्हणाली. "दोन मिनिटं लागतात यायला. तेवढी काढत जा."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मिरचीची चाळीस पोती उतरायची होती आणि नवा मुकादम अजून नेमला नव्हता. ती बायकांना हाका मारत निघाली. दारातून वळून मला म्हणाली, "उभा काय राहिलास? एक बाजू धर."

मी धरली. दुपारपर्यंत माझे डोळे उघडत नव्हते. कोणी कारण विचारलं नाही, आणि अडतिसावा पत्ता मी संध्याकाळी भरला.