सातवा प्रयोग

चिंचवडच्या करीम शेखची मुलगी इंटर सायन्ससाठी पुण्याला जाते, याचं गावाला आता नवल उरलं नव्हतं. ती डॉक्टर होणार, हे मात्र करीम अजूनही रोज नव्यानं सांगे. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत तो बायकांच्या शिलाई मशिनी दुरुस्त करी, तेव्हा मशिनीला तेल कमी आणि या बातमीला जास्त घाली.

कमरुन्निसाला खरी स्थिती ठाऊक होती. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात इंटरच्या मार्कांवर प्रवेश मिळे, आणि तिचे मार्क पंचावन्न टक्क्यांच्या पुढं सरकायला तयार नव्हते. उरली होती एकच वाट. दक्षिणेतलं एक मिशनचं मेडिकल कॉलेज स्वतःची प्रवेश परीक्षा घेई. मुलींना जागा राखीव, फी माफ. त्या परीक्षेत चांगलं नाव आलं की इंटर नुसती पास झालेली चाले. पण पास व्हावंच लागे.

म्हणून हिवाळाभर तिनं फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला दांड्या मारल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या नावाची हजेरी तिची जोडीदारीण देई, आणि ही वाचनालयात प्रवेश परीक्षेची पुस्तकं पाठ करत बसे. जर्नलचं काय, हा प्रश्न कॉलेजात कुणालाच पडत नसे. जुन्या मुलांची जर्नलं घरोघर पडलेली असत. कमरुन्निसाला शेजारच्या सुमनताईचं मिळालं. सुमनताई दोन वर्षांपूर्वी इंटर झाली होती, अक्षर मोत्यासारखं. सात प्रयोग तिनं जसेच्या तसे उतरवले आणि वर तारखा तेवढ्या स्वतःच्या घातल्या.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी फिजिक्सच्या देशमाने सरांनी तिला बोलावलं. मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"शेख, चौदा डिसेंबरला प्रयोगशाळेत तापमान किती होतं?"

तिनं वाकून टेबलावरच्या उघड्या जर्नलात बघितलं.

"तुम्ही अठ्ठावीस लिहिलंय. त्या दिवशी मी मफलर गुंडाळून शिकवत होतो. मागच्या बाकावरचे महाभाग काड्या पेटवून हात शेकत होते." त्यांनी पान उलटलं. "हा प्रयोग कुणीतरी जूनमध्ये केलाय. तुम्ही नाही."

तारखा तिनं हुशारीनं बदलल्या होत्या, पण खोलीचं तापमान हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सातही प्रयोग पुन्हा करा. शनिवारी दुपारी मी सह्या करणार, आणि संध्याकाळी यादी विद्यापीठाला जाणार. जर्नलवर सही नाही, तर टर्म नाही. टर्म नाही, तर परीक्षा नाही."

"सर, शुक्रवारी माझी मुंबईला प्रवेश परीक्षा आहे."

"मग गुरुवारपर्यंत करा," सर म्हणाले. त्यांच्या लेखी ती सवलत होती.

तिनं केले. प्रयोगशाळेतला शिपाई चिमाजी तिला मधल्या सुट्टीतही दार उघडून देई. "ताई, येवढं वर्षभर केलं असतंत तर म्या तुमच्या पाया पडलो असतो," असं म्हणत सामान पुढ्यात मांडी. भिंग झालं, लंबक झाला, वाफेची सुप्त उष्णता झाली. बोट भाजलं, तरी रीडिंग पुरं केलं. गुरुवारी दुपारी सहा प्रयोग खरे होते. उरला होता तो आवाजाचा वेग: पाण्याच्या नळीवर नादकाटा, ठोकला की वाजणारा दोन पायांचा चिमटा, धरायचा आणि आवाज कुठं घुमतो ते मोजायचं. पण आत बी.एस्सी.चा वर्ग भरला होता आणि तो पाचपर्यंत हलणार नव्हता. पाचला करीम मुंबईची तिकिटं घेऊन पुणे स्टेशनवर उभा राहणार होता.

व्हरांड्यातल्या तापमापकापाशी ती गेली. एकोणतीस. एवढं मात्र तिनं नीट, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून वाचलं. मग पायरीवर बसून उलटं गणित केलं. सेकंदाला पाचशे बारा कंपनांचा काटा, तापमान एकोणतीस, तर पहिली लांबी पंधरा पूर्णांक आठ, दुसरी एकोणपन्नास पूर्णांक आठ. खरं वाटावं म्हणून शेवटच्या आठाच्या जागी एकदा सात, एकदा नऊ असं इकडंतिकडं केलं. चार दिवसांत ती एवढं फिजिक्स शिकली होती की उत्तर चुकणं शक्यच नव्हतं. जर्नल चिमाजीच्या हातात देऊन ती स्टेशनकडं पळाली.

मुंबईचा पेपर तिला सोपा गेला.

शनिवारी दुपारी देशमाने सरांनी सहा सह्या केल्या आणि सातव्या पानावर पेन थांबवलं. मग टेबलाचा खण ओढला आणि एक नादकाटा तिच्यापुढं ठेवला. त्याचा एक पाय वाकला होता.

"पाचशे बाराचा. आपल्याकडं एवढाच आहे. बुधवारी एका मुलानं पाडला, तेव्हापासून माझ्या खणात आहे."

"सर, दुसऱ्या काट्यावर आत्ता करून दाखवते. मला येतो."

"येतो, ते दिसतंय. न येणाऱ्याला असं रचता आलं नसतं." त्यांनी पेनाला टोपण घातलं. "एकदा सांगितलं होतं, शेख."

संध्याकाळी यादी गेली. तीत तिचं नाव नव्हतं.

घरी ती बोलली नाही. नेहमीच्या गाडीनं पुण्याला जाई, वाचनालयात बसे, नेहमीच्या गाडीनं परत येई. आई, रोशनबी, मुलीच्या यशासाठी दर गुरुवारी दर्ग्यात फुलं वाही. मुलगी नापास होण्याची वाट बघत होती. प्रवेश परीक्षेत नाव आलं नाही, तर बाकीचं कुणाला कधी सांगावंच लागणार नव्हतं. पुढच्या वर्षी इंटरला पुन्हा बसली, एवढंच लोक म्हणाले असते.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पोस्टमननं ते करीमच्या दुरुस्तीच्या दुकानातच दिलं आणि वाचूनही दाखवलं. कमरुन्निसा स्टेशनवरून आली, तेव्हा दुकानापुढं चारपाच माणसं जमली होती आणि करीम प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होता.

"आवो, निवड झाली म्हन्त्यात! इंटरचा दाखला तेवढा जूनला न्यायचा."

"मग काय करीमभाई," शेजारचा भैरू म्हणाला, "आता आमाला फुकट सुई टोचून घ्यायला मोकळीक!"

लोक हसले. माणसं पांगेपर्यंत ती मशिनीला टेकून उभी राहिली. मग तिनं सगळं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता. करीमनं पेढ्यांचा पुडा मिटला.

"सर म्हन्तोय त्यो आकडा चुकला व्हता?"

"नाही अब्बा. आकडा बरोबर होता."

"मग?"

"मोजला नव्हता."

करीमनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"भैरूला आत्ताच खरं सांगून ये," तो म्हणाला. "त्यो गावभर करंल. मी न्हाई जात."

ती चप्पल घालून निघाली. भैरू वेशीपर्यंत पोचला होता आणि समोरून येणाऱ्याला थांबवून, हातातला पेढा दाखवून काहीतरी सांगत होता.