चौकशीची खिडकी

धनसिंग नानांनी धुळ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं काढली. खिडकी बुटकी होती. तालुक्याचा पुढारी असो की कापसाचा व्यापारी, कमरेत वाकल्याशिवाय पारोळ्याच्या गाडीची वेळ कुणाला कळत नसे. नाना आत ताठ बसून उत्तरं देत आणि उरलेल्या वेळात माइकवर बोलत. माइक उलटून बोलत नाही, म्हणून त्या दोघांचं चांगलं जमलं. निवृत्तीनंतर समोर उरल्या पत्नी कमलबाई. त्या उलटून बोलत.

त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांशी आठवड्यातून एक तास मराठी बोलायला माणसं हवीत, असं कॉलेजनं कळवल्यावर पहिला अर्ज नानांचा गेला. वाट्याला नीमा आली. टांझानियातल्या शिन्यांग्याची, कापसाचा अभ्यास करायला आलेली, उंच, मोजकं बोलणारी मुलगी.

दर गुरुवारी चार वाजताच नाना इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर खुर्च्या मांडत. पाचला नीमा येई, वही उघडे आणि नाना सुटत. शिरपूर-चोपडा गाडी कुठं रखडते, धरणगावच्या माणसाला पुढचीच सीट का लागते, कोणत्या साली कोणाची शेळी टपावरून जळगावला गेली. नीमा लिहून घेई. मग कमलबाई भाकरी-ठेचा आणत. पहिल्या दिवशी त्यांनी पाहुणीसाठी ठेचा बेताचा केला होता. नीमानं तो संपवून आणखी मागितला, तेव्हापासून ती घरची झाली.

दोन महिन्यांनी कॉलेजच्या सोनल मॅडम तपासणीला आल्या. त्या दिवशी नीमालाच थोडा उशीर झाला. ती पायरीवर उभी राहून स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला यायला वीस मिनिटं विलंब झाला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

"उच्चार सुंदर आहेत," मॅडम म्हणाल्या. "आता नाना, फॉर्मचा हा रकाना. नीमाच्या घरी कोण कोण आहे, तिनं तुम्हाला मराठीत काय सांगितलं?"

नानांनी फॉर्मकडे पाहिलं, नीमाकडे पाहिलं, शेवटी कमलबाईंकडे पाहिलं.

"मनाकडे काय देखतस?" कमलबाई म्हणाल्या. "पोर दोन महिना येस. बठ्ठं तुम्हीच बोलतस. तिले काही इचारं का?"

नानांनी आयुष्यात उत्तरंच दिली होती. विचारणं हे खिडकीच्या पलीकडच्या लोकांचं काम.

मॅडमनी फॉर्म ठेवून घेतला. पुढच्या गुरुवारी रकाना भरला नाही, तर नीमाला रतिलाल गुरुजींकडे पाठवावं लागेल, असं त्या हळूच म्हणाल्या. गुरुजींना कमी ऐकू येतं. समोरच्याला मोठ्यानं आणि भरपूर बोलावं लागतं. शिक्षणाच्या दृष्टीनं माणूस उत्तम.

तो आठवडा नाना कमी जेवले. गुरुवारी खुर्च्या दोन मांडाव्यात की एकच, इथपर्यंत विचार गेला.

नीमा आली, बसली, वही उघडली. नानांनी घसा साफ केला. शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून घरचंच आलं.

"बेटा, तुना घर कोन कोन शे?"

नीमानं वही मिटली. ती शब्द जुळवत होती. नानांच्या जिभेवर एरंडोलचा एक किस्सा येऊन उभा राहिला. त्यांनी तो तिथंच थांबवला. कमलबाई भाकरीचं ताट घेऊन दारातच थांबल्या. गाडी लेट असल्याचं नानांनी हजारदा सांगितलं होतं. वाट बघण्याची वेळ मात्र आजच आली होती.

"आई," नीमा म्हणाली. "दोन भाऊ. एक लहान आहे, तो फार रडतो. मी फोन ठेवते तेव्हा." ती थांबली. नानाही थांबले. "आणि बाबा. बाबा बस चालवतात."

नाना खुर्चीत सावरून बसले. "बस?"

"हो. एकोणीस वर्षं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, नाना."

हे उत्तर खिडकीतून द्यावं तसं सरळ होतं. नानांनी ते मान्य केलं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि कमरेत वाकून, मान खाली घालून, सव्वीस वर्षं खिडकीतून पाहिलेल्या माणसांसारखं विचारलं, "कोणत्या गावाला जाते गाडी?"

"शिन्यांगा ते म्वांझा."

"किती वाजता सुटते?"

"सहा वाजता," नीमा म्हणाली. "पण सहाला सुटत नाही. बाबा आधी चहा पितात. मग कोंबड्या वर ठेवतात, मग एक म्हातारी भांडते…"

"कशावरून भांडते?"

तेवढ्यात सोनल मॅडम फॉर्म घेऊन पायरीशी आल्या. कमलबाईंनी तोंडावर बोट ठेवून त्यांना आत ओढलं.

"जराक बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "आज पहिलांदाच आमना नाना रांगमा उभा शेतस."